ती आत वळेपर्यंत

महिना होत आला. सोलापुरात मुलाकडं सकाळचा चहा घेत बसलो होतो, तेव्हा अणदूरहून पुतण्याचा फोन आला. "दोडप्पा, अव्वा गेली," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. आमच्या बाजूला थोरल्या चुलत्याला दोडप्पा म्हणतात. अव्वा म्हणजे त्याची आई, माझी धाकटी भावजय गंगाबाई. आम्ही एका घरचे, वर्षानुवर्षं एका चुलीवरचं खाल्लं, आणि पन्नास वर्षांत ती माझ्याशी फक्त एकदा बोलली. नातवंडांना हे खरं वाटत नाही. पण तेव्हाची रीतच तशी होती. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर यायचं नाही, आलंच तर पदर पुढं ओढायचा, आणि बोलायचं तर मुळीच नाही. अगदीच काही सांगायचं असलं तर दाराआडून बांगड्या वाजवायच्या, मग आपण तिच्या नवऱ्याला आत पाठवून निरोप घ्यायचा. ही रीत मी मोठ्या तोऱ्यात पाळून घेतली. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना स्वतःचं पुराण लावू नये, हे मला कळतं. पण गंगाबाईबद्दल लिहायचं तर माझी चूक सांगितल्याशिवाय लिहिताच येत नाही.

माझा धाकटा भाऊ गुरुलिंग. लहानपणी विषमज्वरात त्याचे कान गेले ते गेलेच. बोलायचा नीट, जरा मोठ्यानं, पण समोरच्याच्या ओठांकडं बघितल्याशिवाय त्याला काही कळत नसे. म्हणून घरात नियम होता, की आधी त्याच्या अंगाला हात लावायचा आणि तो वळला की मग बोलायचं. गंगाबाई तर त्याचं मनगट धरूनच बोलायची. निजामाचं राज्य होतं, महायुद्ध नुकतंच संपलं होतं. लष्करानं मोडीत काढलेला एक डिझेलचा ट्रक आम्ही दोघा भावांनी घेतला. तेव्हा बाकीच्या मोटारी पेट्रोलवर, नाहीतर पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या भट्टीवर चालायच्या. आमचं धूड काळा धूर सोडत निघालं की गावातली म्हातारी माणसं शिव्या घालायची. मी चालवायचो आणि गुरुलिंग त्याची दुखणी काढायचा. बहिरा मिस्त्री म्हणून लोक हसायचे. पण इंजिनावर तळहात ठेवून तो खोट सांगायचा आणि ती तिथंच निघायची.

त्या उन्हाळ्यात ट्रकमधून एक आवाज यायला लागला. टक... टक्‌टक्... टक. चढावर नाही, जागेवर इंजिन चालू ठेवलं तरी नाही. उतारावर मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की यायचा आणि पुन्हा पाय दिला की गप्प. धाराशिवच्या एका मिस्त्रीकडं आठ दिवस गाडी सोडली. त्यानं इंजिन उघडलं, पुसलं, बसवलं. आवाज होता तिथंच. गुरुलिंग रोज इंजिनावर हात ठेवायचा आणि मान हलवायचा. "अण्णा, इंजिनात काय न्हाय. ते खणखणीत हाय." पण मी आवाज ऐकत होतो आणि तो ऐकत नव्हता, त्यामुळं माझंच खरं असं मी धरून चाललो. मला तो पायाखालून, इंजिनातूनच आल्यासारखा वाटायचा.

आमचं घर उताराच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून. गाडी वर खळ्यात उभी असायची आणि निघताना दारावरूनच खाली यायची. एके सकाळी मी ती तशी आणून पुढं उभी केली, तर गुरुलिंग घरातून धावत आला. "अण्णा, ती म्हणती, इंजिन दारापुढनं गेल्यावर आवाज दारात येतो. म्हंजे पुढनं न्हाय, गाडीच्या पोटातनं येतो. मागच्या चाकाकडं जाणारा दांडा हाय न्हवं, त्येचा सांधा बघू. अर्धा तास दे मला."

आज लिहितानाही माझे कान तापतात. चाळीस मैलांत कुणाला न कळलेली गोष्ट या बाईनं भाकरी थापता थापता ओळखली होती. आणि मी काय म्हणालो? "चुलीपुढं बसून गाडी कळाय लागली व्हय आता? बस वर." गुरुलिंगनं माझ्या ओठांवर ते सगळं वाचलं. चाकाखालचा ठोकळा काढून तो गाडीत बसला. मी वर चढलो तेव्हा दाराआडून बांगड्या वाजल्या. थोड्या वेळानं पुन्हा, जोरात वाजल्या. गुरुलिंगला त्या ऐकू येणं शक्य नव्हतं. मला स्वच्छ ऐकू आल्या. मी गाडी काढली.

तुळजापुरात शेंगांची पोती भरली आणि सोलापूरच्या बाजूनं घाट उतरायला लागलो. अर्ध्या घाटात खालून मोठा कडाका झाला. तोच दांडा सांध्यातून सुटला होता, आणि सुटता सुटता त्यानं ब्रेकच्या सळ्याही तोडल्या होत्या. माझा पाय नुसताच खाली गेला. मी गाडी डोंगराकडं घातली, दरडीला घासून थांबवावी म्हणून. तेवढ्यात गुरुलिंग लाकडी ठोकळा घेऊन खाली उडी मारून गेला. चाकापुढं ठोकळा टाकणं हे त्याचं काम, ते तो करत होता. दरड आणि गाडी यांच्यामध्ये तो वाकून पळत होता आणि मला मागचा भाग त्याच्याकडं सरकताना दिसत होता. मी ओरडलो. छाती फुटेस्तोवर ओरडलो, "गुरू, बाजूला हो!" ओरडतानाच मला आठवलं की याला ऐकू येत नाही. तरी मी ओरडतच राहिलो. त्यानं मान वर केली नाही.

त्याला अणदूरला आणून माती दिली. तिसऱ्या दिवशी मी ओसरीत बसलो होतो, तेव्हा गंगाबाई दारातून बाहेर आली. पदर पुढं ओढलेला नव्हता. कडेवर सहा महिन्यांचं लेकरू. ती माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "त्यास्नी वरडून सांगायचं नसतं. हात लावायचा असतो." आणि आत गेली. माझे हात तेव्हा स्टिअरिंगवर होते, हे मी तिला सांगू शकलो असतो. पण ती घाटाबद्दल बोलत होती की त्या सकाळबद्दल, हे मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

ट्रक विकावा असं फार वाटलं. पण घर त्यावरच चालायचं. चार महिन्यांनी दुरुस्त करून पहिल्यांदा उतारावरून खाली आणला, तर ती दारात उभी. मी गाडी पुढं नेली आणि मागं बघितलं. ती हललीच नाही. थांबवली, खाली उतरलो, गाडीखाली शिरलो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्याचा एक बोल्ट सैल होता. तो आवळला, गाडी मागं घेतली, पुन्हा दारावरून नेली. या वेळी ती वळली आणि आत गेली.

मग तोच नेम पडला. तो ट्रक जाऊन दुसरा आला, दुसरा जाऊन तिसरा आला. राज्य बदललं, जकातीचे नाके गेले, रस्ते डांबरी झाले. मी उतारावर पाय उचलायचो, ती दारात यायची, कधी हाताला पीठ, कधी केस अर्धे विंचरलेले. वळली की मी निघायचो. उभी राहिली की उतरायचो. ती तापानं पडली तेव्हा मी चार दिवस भाडं घेतलं नाही. पुढं पुढं दुसरे ड्रायव्हरही मुद्दाम आमच्या दारावरून गाडी न्यायला लागले. खंडोबाला हात जोडायच्या आधी आमच्या दाराकडं बघणारे लोक मी पाहिलेत. तिनं कुणाला कधी नाही म्हटलं नाही. तिनं मला माफ केलं होतं का, हे मी विचारलं नाही. रीतीची आडकाठी होती असं म्हणतो, पण खरं म्हणजे माझी छाती झाली नाही. एवढं मात्र खरं, की ज्यानं तिचं ऐकलं नाही त्याला तिनं एकदाही बिघडलेल्या गाडीतून जाऊ दिलं नाही.

तिची माती झाल्यावर तीन दिवस मी अणदूरला राहिलो. चौथ्या दिवशी पुतण्यानं मला सोलापूरला सोडायला जीप काढली. खळ्यातून निघालो. उतारावर त्यानं, लहानपणापासून बघत आलाय म्हणून असेल, आपोआप पाय उचलला. जीप दारावरून गेली. पुढं जाऊन थांबली. दार उघडं होतं, आतल्या भिंतीपर्यंत ऊन गेलं होतं. मी जीपमधून उतरलो आणि त्र्याहत्तर वर्षांची हाडं घेऊन रस्त्यावर वाकलो, खाली बघायला.

"दोडप्पा, गाडी नवी हाय," पुतण्या माझ्या खांद्याला हात लावून हळूच म्हणाला. "कसला बी आवाज न्हाय. बसा, चला."

आवाज नव्हता, हे मलाही माहीत होतं. पण दारातून अजून कुणी आत वळलं नव्हतं.