नारळ आणायला गेलेले मिस्टर कुमार

पाचव्या गोष्टीत तर कुत्राच मेट्रोत चढला, तेव्हा मी कागद खाली ठेवले.

तसा पहिल्या चार गोष्टींत कुत्रा नव्हता. पहिलीत मांजर होतं, दुसरीत ससा, तिसरीत ड्रोन, चौथीत डायनासोर. डायनासोर मेट्रोत मावणार नाही म्हणून ती लिहिणाऱ्या मुलाने त्याला रॉकेटमधून मंगळावर पाठवलं होतं. पण मंगळावरही एक फुलं विकणारी आजी बसली होती आणि तिने डायनासोरला दहीभात खायला घातला. ती आजी माझ्या गोष्टीतली होती. दहीभातही माझाच. शेवटचं वाक्य तर सगळ्यांनी जसंच्या तसं उचललं होतं: ‘आणि त्याला कळलं, की घराला एक वास असतो.’

हे बेंगळुरूत, मल्लेश्वरममधल्या एका मुलांच्या अ‍ॅक्टिव्हिटी सेंटरमध्ये घडलं. माझी तिथली पहिलीच उन्हाळी सुट्टी. त्याआधी बरीच वर्षं मी एका कंपनीत इन्स्ट्रक्शनल डिझायनर होतो. म्हणजे लोकांना कॉम्प्युटरवर शिकता येईल असे कोर्स लिहायचो. आग लागली तर काय करावं, पासवर्ड कुणाला सांगू नये, असले कोर्स. कंपनीने आमची टीमच बंद केली. काही महिने घरी बसलो आणि मग या सेंटरमध्ये समर कॅम्पसाठी ‘क्रिएटिव्ह रायटिंग चॅलेंज’ तयार करायचं काम मिळालं. कॅम्प संपेपर्यंत प्रत्येक मुलाने स्वतःची एक गोष्ट पूर्ण करायची, असं ते चॅलेंज.

सेंटर चालवणाऱ्या शुभाक्का निपाणीकडच्या. मराठी आमच्यासारखीच बोलतात, फक्त मधूनमधून कन्नड येतं. पहिल्याच दिवशी त्यांनी हिशोब मांडला होता.

“देशमाने सर, हॉल एकच आहे. किरणच्या रोबोटिक्सला नावं आलीत. तुमच्या रायटिंगला अजून कोण विचारत नाही. शनिवारी ओपन हाउस ठेवते. पालक येतील, मुलांनी लिहिलेलं ऐकतील. नावं आली तर तुमची बॅच. नाही आली तर पूर्ण सुट्टी हॉल किरणला.”

“आणि मी?”

“पुढच्या वर्षी बघू. सरी?”

सरी म्हणजे ठीक आहे. मी सरी म्हणालो. घरी बायकोला मात्र फक्त ओपन हाउसचं सांगितलं, हॉलचं नाही.

आमच्या धंद्यात खरी बॅच सुरू होण्याआधी थोड्या मुलांवर कोर्स करून बघतात. त्याला पायलट म्हणतात. शेजारपाजारची आठ-दहा वर्षांची काही मुलं पायलटला आली होती. मुलं लिहितात इंग्रजीत आणि बोलतात मिळेल त्या भाषेत. इथे मी सगळं मराठीत सांगतो आहे. लिहायला बसण्याआधी त्यांना मी एक सॅम्पल वाचून दाखवलं. सॅम्पल म्हणजे नमुना, काम झाल्यावर कसं दिसायला हवं ते दाखवणारा. संपिगे रोडवरचा एक भटका कुत्रा चुकून मेट्रोत चढतो, भलत्याच स्टेशनवर उतरतो, तिथे फुलं विकणारी आजी त्याला दहीभात घालते, वगैरे. ती गोष्ट मी मनापासून लिहिली होती. के. आर. पुरमच्या घरून येताना मॅजेस्टिक स्टेशनवर मेट्रो बदलायला उभा असायचो, तेव्हा मनात तिची वाक्यं घासायचो.

मुलांना ती आवडली. फारच आवडली.

एक गोष्ट कबूल करायला हवी. पहिले दोन कागद वाचताना मी सुखावलो होतो. आपलं वाक्य मुलांना पाठ झालं, असं वाटलं. चौथ्या कागदापर्यंत मला काही चुकलंय असं वाटलंही नाही.

पाचवा कागद अन्वीचा होता. अन्वी नऊ वर्षांची, बोलायला लागली की थांबत नाही अशी. सॅम्पल वाचण्याआधी मुलांशी गप्पा चालल्या होत्या, तेव्हा तिने मला तिची गोष्ट तोंडी सांगितली होती. त्यांच्या अपार्टमेंटला उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. त्या टँकरला रिव्हर्स जायची भीती वाटते. मागे काय आहे ते दिसत नाही ना, म्हणून तो बीप बीप करून रडतो. मला ती कल्पना इतकी आवडली की मी शुभाक्कांनाही सांगितली होती. आणि आता तिच्या कागदावर कुत्रा होता, माझा, शेपटीसकट.

मी तिला विचारलं, “टँकरचं काय झालं?”

“तो नको, सर.”

“का?”

“तुमचा कुत्रा जास्त चांगला आहे.”

तिने हे अगदी सहज सांगितलं. मला खूश करायला नाही. भाजीचा भाव सांगावा तसं.

कंपनीत असताना माझी सॅम्पल्स उत्तम मानली जायची. आग विझवायचा सिलिंडर कसा धरायचा ते मी दाखवायचो आणि हजारो माणसं तो तसाच धरायची. सगळ्यांचं उत्तर एकसारखं आलं की आम्ही कोर्स यशस्वी झाला असं समजायचो. त्याच सवयीने मी या मुलांना शिकवायला गेलो होतो. मुलांनी काही चूक केली नव्हती. मी जे शिकवलं ते त्यांनी बरोबर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सॅम्पल काढूनच टाकलं. फक्त प्रॉम्प्ट दिला. प्रॉम्प्ट म्हणजे सुरुवातीला हात धरायला दिलेलं एक वाक्य. बहुतेक मुलांनी ते वाक्य सुंदर अक्षरात उतरवून घेतलं आणि माझ्याकडे बघत बसली.

“सर, कसं लिहायचं ते दाखवा ना.”

“तुम्हाला हवं तसं.”

“म्हणजे कसं?”

अन्वीने पेन्सिलला टोक केलं. मग परत केलं. तास संपेपर्यंत पेन्सिल निम्मी झाली.

तास संपल्यावर किरण चहा घेऊन आला. किरण नागपूरचा, माझ्यापेक्षा बराच लहान, आणि हॉल त्याला मिळणार हे माहीत असूनही माझ्याशी चांगला वागायचा. त्याने टेबलावरचे कागद चाळले. मंगळावरची आजी बघून त्याला हसू आवरेना.

“सर, कॉपी-पेस्ट शिकवायचं होतं तर माझ्या लॅपटॉपवर शिकवलं असतं न.”

“हस बाबा. तुला हॉल मिळणार.”

“तसं नाही हो.” तो जरा गंभीर झाला. “तुम्ही पोरांना चालती गाडी दिली. मी कधीच देत नाही. चालती गाडी दिली तर पोरं नुसती फिरवत बसतात. मी एक वायर काढून ठेवतो. मग बघा, गाडी उलटी करून आत डोकं घालतात.”

“एकच वायर?”

“एकच. पण अशी, की काढलेली दिसली पाहिजे. नाही तर रडतात.”

मी त्या संध्याकाळी बिघडलेली गोष्ट लिहायला बसलो. वाटलं होतं त्यापेक्षा फार अवघड गेलं. वाईट लिहायला घेतलं की हात आपोआप दुरुस्त करायला जायचा. एक छान उपमा सुचली, ती खोडताना जिवावर आलं. शेवटी जे उरलं ते असं:

‘मिस्टर कुमार नारळ आणायला गेले. त्यांनी नारळ घेतला. वाटेत एक घटना घडली. मग ते घरी आले. सगळे खूप आनंदी झाले.’

पुढच्या तासाला मी ही गोष्ट गंभीर चेहऱ्याने वाचली आणि खाली बसलो. मुलं एकमेकांकडे बघत होती. मोठ्या माणसाला कसं सांगावं, असा प्रश्न त्यांना पडला असावा.

डायनासोरवाल्या मुलाने हात वर केला. “सर, कुठली घटना?”

“एक घटना.”

“पण कुठली?”

“ते मला सुचलं नाही.”

“मग आनंदी का झाले? नारळासाठी कोणी एवढं आनंदी होतं का?”

“आमच्या घरी तर कोणी बघतही नाही,” दुसरी एक मुलगी म्हणाली.

“नारळात काहीतरी असणार.”

“किंवा मिस्टर कुमार खूप वर्षांनी घरी आले असणार. नारळ आणायला गेले ते आलेच नाहीत.”

“सर, तुम्हाला गोष्ट लिहिता येत नाही का?” अन्वीने विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती.

“ही तरी नाही आली.”

“मग तो कुत्रा?”

“तो आला होता. दर वेळी येत नाही.”

मग तिने कागद पुढे ओढला. दहा मिनिटांनी सगळे लिहीत होते. कुणाच्या मिस्टर कुमारांना नारळवाल्याने ओलीस ठेवलं होतं, कुणाचा नारळ बोलत होता. अन्वीच्या कागदावर मिस्टर कुमार नव्हतेच. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: टँकर.

जाताना ती माझ्यापाशी थांबली. “सर, तुम्ही मुद्दाम वाईट लिहिलं ना?”

मला खोटं बोलवेना. “हो.”

“मला वाटलंच. एवढं वाईट तर माझा भाऊपण लिहीत नाही. आणि तो पहिलीत आहे.”

शनिवारी पालक आले. शुभाक्कांनी खुर्च्या मांडल्या, किरणने एका कोपऱ्यात रोबो ठेवला. रोबो लाल पट्टीवरून सरळ चालायचा आणि पालक फोनवर त्याचे व्हिडिओ घ्यायचे. माझ्याकडे दाखवायला फक्त खोडाखोड केलेले कागद. एक वडील कागद हातात घेऊन म्हणाले, “स्पेलिंग्ज कोणी तपासत नाही का? आणि ही तर अर्धीच आहे.”

“अजून लिहितोय तो,” मी म्हणालो.

“मग फायनल आउटपुट काय?”

मी तयार करून नेलेलं भाषण माझ्या खिशात होतं. ते तिथेच राहिलं. मी मिस्टर कुमारांची गोष्ट वाचली, तशीच, गंभीर चेहऱ्याने. मागच्या रांगेतून शुभाक्का माझ्याकडे बघत होत्या. यांना काय झालं, असा त्यांचा चेहरा.

मग तेच वडील म्हणाले, “अहो, पण घटना कुठली?”

“बायकोने दोन नारळ सांगितले असतील, यांनी एकच आणला,” एक बाई म्हणाल्या. “घटना घरी घडली असेल.”

पालक हसायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, मिस्टर कुमार ट्रॅफिकमध्ये अडकले. त्यावर डायनासोरवाला मुलगा उभा राहिला. “पप्पा, तुम्ही नाही. हे आम्ही सांगायचं.”

मुलं एकामागून एक वाचू लागली. शेवटी अन्वी उठली. तिचा टँकर अपार्टमेंटच्या गेटपाशी उभा होता. मागे अंधार, तो बीप बीप करून रडतोय. तेवढ्यात वॉचमन अण्णा मागे येऊन उभे राहतात, टँकरच्या पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, “बरली, बरली.” बरली म्हणजे येऊ दे. बेंगळुरूत गाडी मागे घेताना कोणीतरी हे म्हणतंच. टँकर हळूहळू मागे येतो. आणि त्याचं मागचं चाक कशाला तरी लागतं.

अन्वी खाली बसली.

“कशाला लागलं?” तिच्या आईने विचारलं.

“अजून लिहिलं नाही.”

“पण सांग ना.”

“कॅम्पमध्ये लिहीन,” अन्वी म्हणाली. “बॅच झाली तर.”

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी तर नक्कीच नाही. शुभाक्कांनी मला नंतर तीन वेळा विचारलं.

नावं आली. हॉल भरेल इतकी नाहीत, पण बॅच व्हावी इतकी आली. शुभाक्का म्हणाल्या, “किरणा, तू दुपारी घे. स्वल्प अ‍ॅडजस्ट कर.” किरण म्हणाला, दुपारी पोरं झोपेला येतात, पण जाऊ द्या नं. सकाळचा हॉल मला मिळाला. घरी गेल्यावर बायकोला आधी हॉलचं सांगितलं आणि मग बाकीचं.

टँकरचं चाक कशाला लागलं ते मला मे महिन्यात कळलं. ते इथे सांगणार नाही, गोष्ट तिची आहे.

आमच्या कामातल्या कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, की मुलांना सॅम्पल द्यायचं असेल तर दुरुस्त करावंसं वाटेल असं द्या. कुत्र्याची गोष्ट माझ्याकडे आहे. चांगली जमली आहे. कॅम्पला नेत नाही.