नानांच्या व्हॅनमधली पुढची सीट

माझे चुलते रामकिसन, म्हंजे साऱ्या आष्टीचे नाना, यांना गाडी चालवता येत न्हवती. सायकलसुद्धा न्हाई. तरी आमच्या घरच्या व्हॅनचे मालक, मुकादम अन् मास्तर तेच. मी आपला नावाला ड्रायव्हर. गिअर मी टाकायचा, पण कधी टाकायचा ते नाना सांगणार. माझं टाळकं फिरायचं, पण बोलायची सोय न्हवती, कारण नानांना लेकरूबाळ न्हाई, काकू तरुणपणीच गेलेली, अन् आम्हा बहीणभावाला त्यांनीच खांद्यावर बसवून वाढवलेलं. असल्या माणसावर किती चिडणार?

नानांची सारी नोकरी एसटीत गेली, कंडक्टर म्हणून. रिटायर झाल्यावर, अठ्ठ्याण्णव साली, त्यांनी जालन्याहून पांढरी व्हॅन आणली. आणायच्या आधी अख्खा दिवस त्यांनी शोरूममधल्या मेकॅनिकचं डोकं खाल्लं. हा खटका कशाचा, ही जाळी कशाची, ही काच अर्धीच कामून सरकती. शेवटी त्या पोरानं चहा पाजला अन् हात जोडले. नाना घरी आले ते गाडीचं सगळं पाठ करूनच.

तेव्हापासून व्हॅनमधी बसायचं म्हंजे आधी नानांचं ऐकायचं. सरपंच असो का माझे वडील तातेराव असोत, सुटका कुणालाच न्हाई. नाना सरकत्या दारापाशी उभे राह्यचे अन् सुरू करायचे. "दार वढायचं, आपटायचं न्हाई. कट्ट वाजलं तर लागलं, न्हाई वाजलं तर उघडंच समजायचं. हात काचेच्या बाहेर काढायचा न्हाई. लेकरू मधी, बाई कडंला." मंग सगळ्यांकडं एकेकदा पाहून पुढच्या सीटवर येऊन बसायचे, पट्टा लावायचे अन् जायला सांगायचे. त्या काळात आष्टीत पट्टा कुणी लावत न्हवतं. लोकं हसायची, नाना, पोत्यासारखं बांधून कामून घेतलं म्हणायची. नाना तर अंगणात उभ्या गाडीत पेपर वाचतानाबी पट्टा लावून बसायचे. त्यांच्या तोंडी कोण लागतं.

त्यांची गाडीवर माया मोठी. सीटवरचं शोरूमचं दुधाळ प्लास्टिक त्यांनी काढू दिलं न्हाई, नवेपणा जातो म्हणून. निघताना गाडीतल्या गणपतीपुढं उदबत्ती लावायची ती काच बंद करून, विझू नये म्हणून. अन् हवा यायच्या जाळीत हिना अत्तराचा फाया. पंख्याचं बटन फिरवलं की सगळ्या गाडीत अत्तर. बसणारे वाहवा करायचे, अन् नाना मिशीतल्या मिशीत हसायचे.

अडचण एकच व्हती. माझ्या मायला, गिरिजाबाईला, गाडी लागायची. बैलगाडीत मैलोन्मैल जाईल, पण इंजनाची गाडी आली की पोटात कालवाकालव. माझी बहीण कौसल्या जुन्या जालन्यात दिली, लग्नाला नऊ वर्षं झाली, पण मायनं लेकीचं घर पाह्यलं न्हवतं. बाळंतपणं आष्टीत झाली, सणाला कौसल्याच यायची, तिच्या सासरचा आहेर-मानपान मी अन् वडील उरकून यायचो. एकदा माय एसटीनं निघाली, ती परतूरलाच उतरून माघारी आली. व्हॅन आल्यावर पुन्हा हिंमत केली, तर वाटूर फाट्यावर तिचे असे हाल झाले की मीच गाडी वळवली. त्या दिवशी घरी आल्यावर माय चुलीपुढं बसून रडली. म्हणे, लेक दिली तिथला उंबरासुद्धा मला ठाऊक न्हाई, कशाची मी माय.

नानांना ते फार लागलं. मपल्या गाडीत गिरिजाबाईला त्रास व्हतो म्हंजे काय? त्यांनी उपाय म्हणून अत्तर दुप्पट केलं. एकाच्या जागी दोन उदबत्त्या. पेट्रोलचा वास तिच्या नाकापर्यंत पोचायलाच नको, असा त्यांचा हिशेब. अन् मंग माझ्या बायकोला, शिवकन्येला म्हणायचे, "गिरिजाबाईला विचार, आता बराबर हाय का?" शिवकन्या मायकडं वळायची. माय पदराआडून म्हणायची, "हाव म्हणावं, बराबर हाय."

आता हे कुणाला सांगून पटायचं न्हाई, पण आमच्याकडं तसंच व्हतं. नाना मायचे थोरले दीर. माय या घरात आली तेव्हापासून ती त्यांच्याशी सरळ बोललेली न्हवती. भाकरी वाढायची, चहा ठेवायची, आजारपणात त्यांच्यासाठी काढा उकळायची, पण बोलायचं ते माझ्या न्हाईतर सुनेच्या तोंडून. डोक्यावरचा पदर त्यांच्यासमोर कधी ढळला न्हाई. मी किती येळा म्हणलो, "माय, तू पुढं बस. पुढं वारं लागतं, रस्ता दिसतो, पुढं कमी लागती." तर म्हणायची, "अन् नाना मागं बसतील? त्यांच्याकडं पाठ करून बसू मी? तुझं डोकं बिकं फिरलं का?" झालं. मी आपला गाडी पुसायला निघायचो.

मंग दोन हजार सालच्या फेब्रुवारीत कौसल्यानं सोताचं घर बांधलं. वास्तुशांतीचा मुहूर्त दुपारचा निघाला. तिचा एसटीडीवर फोन आला. घर कसं झालं, रंग कोणता दिला, सगळं सांगितलं, अन् शेवटाला आवाज बदलला. "भुजंगा, आहेर तू आणू नको. या उंबऱ्यात माझी ओटी मायनं भरली तर भरली. न्हाईतर तुझा आहेर मी घेणार न्हाई, सांगून ठेवते." लाडाची हाय ती, पण बोलली की बोलली. मी घरी येऊन मायला सांगितलं. मायनं हातातली परात खाली ठेवली अन् म्हणली, मी येती, मेली तरी येती. मी म्हणलं, मरू नको, नुसती ये.

वडील सामान घेऊन एसटीनं आदल्या दिवशीच गेल्ते. आम्ही चौघं सकाळी निघालो. मी, पुढं नाना पट्टा लावून, मागं माय अन् शिवकन्या. मायच्या मांडीवर आहेराचं गाठोडं. नानांनी त्या दिवशी अत्तराला कसूर ठेवली न्हवती. काचा गच्च बंद, धूळ नको म्हणून. खड्डा आला की प्लास्टिक करकर वाजायचं. परतूर गेलं, माय गप. मी आरशात पाहायचो, तर ती डोळे मिटून गाठोडं आवळून बसलेली. शिवकन्या तिच्या तळहाताला कांदा चोळून राह्यली व्हती. वाटूर फाटा दिसला अन् मायचा चेहरा हळदीसारखा झाला.

"थांबव," नाना म्हणाले.

मी गाडी कडुलिंबाच्या सावलीत घेतली. शिवकन्या लिंबू आणायला समोरच्या हॉटेलात पळाली, मी बाटली घेऊन हापशावर. मनात म्हणलं, आज बी इथूनच वळावं लागणार, अन् या खेपेला कौसल्या मला जन्मभर माफ करणार न्हाई. बाटली भरून गाडीच्या मागून आलो, तर नानांनी सरकतं दार उघडलेलं, अन् ते खिशातून अत्तराची कुपी काढून नवा फाया भिजवून राह्यले. मायला बरं वाटावं म्हणून.

माय दोनदा "भुजंगा" म्हणली. मंग "शिवकन्ये" म्हणली. मी ओ देणारच व्हतो, तेवढ्यात ती म्हणली, "नाना."

मी तिथंच थांबलो. नाना तर असे दचकले की कुपी हातातून निसटता निसटता राह्यली.

"नाना, ती कुपी खिशात घाला. त्या अत्तरानंच मला मळमळून राह्यलं. उदबत्ती नको. हे प्लास्टिक बी नको, उन्हानं त्याचा वास डोक्यात जातो. काचा उघडा. अन् मला पुढं बसू द्या. मला मपल्या लेकीचं घर पाह्यचंय."

नानांनी हातातली कुपी निरखून पाह्यली. मंग हळू म्हणाले, "हे कधीपासून?"

"पह्यल्या दिवसापासून."

"मी विचारीत व्हतो की शिवकन्येच्या हाती. बराबर हाय म्हणत व्हत्या तुम्ही."

"एवढ्या मायेनं लावीत व्हते तुम्ही. थोरल्याला न्हाई कसं म्हणू?"

सांगतो, मला रडावं का हसावं ते कळंना. दोघं एकमेकांचं मन राखत बसले, अन् मधल्यामधी बिचाऱ्या मायचं पोट ढवळून निघालं.

नानांनी कुपी कडुलिंबाच्या बुंध्यात उपडी केली. जाळीतला फाया उपटून फेकला. उदबत्ती विझवली. मंग प्लास्टिकला हात घातला. ते सुखासुखी निघणाऱ्यातलं न्हवतं, शिवणीत अडकलेलं. नानांनी नखं लावली, दात लावले. हॉटेलवाला पायरीवर येऊन म्हणाला, "मामा, गाडी सोलून राह्यले का?" नानांनी त्याच्याकडं पाह्यलंसुद्धा न्हाई. सगळं प्लास्टिक बोळा करून बाहेर आलं, अन् खालून असा झकास निळा कपडा निघाला, की दोन वर्षांत आम्हाला पत्ता न्हवता सीट निळ्या हायत म्हणून.

माय खाली उतरली, पण पुढच्या दारापाशी जाऊन अडली. तिथं आली तेव्हा तिला पुन्हा सून असल्याचं आठवलं. पदर पुढं वढून उभी. नाना तिच्याकडं न पाहता रस्त्याकडं तोंड करून म्हणाले, "गिरिजाबाई, माझी सगळी उमर लोकांच्या पाठी पाहण्यात गेली. एसटीत थोरलं न्हाई अन् धाकलं न्हाई. ज्याला जिथं बसायची गरज, ती त्याची सीट. बसा."

माय बसली. मी काच उघडली. नानांनी खिडकीबाहेर हातभर अंतरावर उभं राहून, जमिनीकडं पाहत, तिला सगळं सांगितलं. "सीटखाली दांडा हाय, तो उचला अन् मागं सरका. बास. आता डाव्या खांद्यामागं पट्टा हाय. उजव्या हातानं वढा, हळू. झटका दिला की अडकतो. भुजंगाच्या बाजूला खाच हाय, तिच्यात घाला." मायनं घातला. पट्ट्याखाली पदर आवळला गेला अन् डोक्यावरून सरकला. तिनं पुन्हा वढायला हात नेला, पण पदर काही पुरंना. नाना म्हणाले, "राहू द्या. वारं लागू द्या डोक्याला." अन् सोता मागं जाऊन शिवकन्येच्या शेजारी गाठोडं मांडीवर घेऊन बसले.

त्याच्या पुढं जे झालं ते मला आजवर कुणी खरं मानलं न्हाई. माझी माय, जी गाडीत डोळे उघडत न्हवती, ती बोलायला लागली ती थांबंचना. कुणाची ज्वारी किती उंच, कुणाच्या विहिरीवर मोटार आली, हा कोणता गाव, तो कोणता डोंगर. केस उडून राह्यले, गाल लाल झालेले. एवढ्या वर्षांत तिनं नानांशी जे बोललं न्हवतं ते सगळं त्याच रस्त्यावर बोलून घेतलं. "नाना, ही जाळी कशाची? नाना, हा तिकोनी दिवा कशाचा?" नाना मागून मन लावून सांगायचे. मला मात्र कुणी काही विचारत न्हवतं, अन् नानांनी मला जन्मात पह्यल्यांदा नीट गाडी चालवू दिली.

मंग नानांची उत्तरं बारीक व्हत गेली. आरशात पाह्यलं तर नाना घामाघूम, गाठोड्यावर कपाळ टेकलेलं. सारी नोकरी गाडीत काढली, पण ती दारापाशी वाऱ्यावर उभं राहून. कोपऱ्यात गाठोड्याआड बसायची येळ त्यांच्यावर कधी आलीच न्हवती. मायसाठी आणलेलं लिंबू शिवकन्येनं नानांच्या नाकाला लावलं. "लई बेकार असतं हे," एवढंच म्हणाले.

जुन्या जालन्यात शिरलो तेव्हा गल्ल्यांमधी धान्याच्या पोत्यांची अन् ऑटोंची गर्दी. कौसल्याच्या घराला झेंडूच्या माळा, दारात मांडव. गाडीचा आवाज ऐकून ती हळदीच्या हातानं तशीच पळत आली. अन् सवयीप्रमाणं सरळ मागच्या दाराला भिडली, कारण आमच्यात बाया मागंच बसतात. दार सरकवलं. आत शिवकन्या, अन् आहेराचं गाठोडं मांडीवर घेतलेले नाना. माय न्हाई.

तिचा चेहरा असा उतरला की मला बघवंना. "आली न्हाई ना?" ती म्हणली. "मला ठाऊकच व्हतं." नानांना तोंड उघडायची सोय न्हवती, उघडलं असतं तर भलतंच झालं असतं. त्यांनी नुसतं बोट पुढं केलं.

"कौसे," पुढून मायचा आवाज आला, "तुझ्या नानांना विचार, हे सोडायचं कसं?"

कौसल्यानं पुढचं दार उघडलं. उघड्या डोक्याची, विस्कटलेल्या केसांची, पट्ट्यात अडकलेली माय तिच्याकडं पाहून हसून राह्यली. कौसल्या तशीच आत वाकली अन् पट्ट्यासकट मायला मिठी मारली. नवी साडी हळदीनं भरली, दोघी रडायला लागल्या, मांडवातल्या बाया गोळा झाल्या, भटजी मुहूर्त मुहूर्त करायला लागले. अन् मागून नाना, कपाळ गाठोड्यावर टेकलेलंच, क्षीण आवाजात परत परत सांगून राह्यले, "लाल बटन दाबा, गिरिजाबाई. लाल बटन." पण त्या दोघींनाही सुटायची घाई न्हवती.