यानाची गोधडी शिवणारी ओपल

टायटसव्हिलच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं. कुणाच्या अंगणात मासे धुरीवर टांगलेत, कुणाच्या जावयाने पुन्हा नोकरी सोडली, कुणाचे नवे दात कुठल्या दंतवैद्याने बसवले, सगळं. या खात्याचा कारभार कुंपणापलीकडची डॉटी क्रेन्शॉ बघते आणि ती रजा म्हणून घेत नाही. तरीही ओपल मोब्लीने त्या आठवड्यात एक गोष्ट चार दिवस पोटात ठेवली, तीही डॉटीच्या कुंपणाला कुंपण लावून राहून. याला पराक्रमच म्हणायचं.

ओपल रॉकेटच्या गोधड्या शिवते. हसण्यासारखं काही नाही. इंजिनांच्या आसपास नळ्या असतात, तारा असतात. त्या भाजून निघू नयेत म्हणून भट्टीतही न जळणाऱ्या पांढऱ्या कापडाची जाड गोधडी त्यांच्याभोवती बसवतात. सरळ टाके यंत्र घालतं. कोपरे आणि भोकांच्या कडा मात्र हातानेच शिवाव्या लागतात आणि तिथे ओपलच्या बोटांना तोड नाही. वय त्रेसष्ट, चष्मा गळ्यात साखळीने लटकलेला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाला अंगुस्तानाचा कायमचा वळ.

बावीस वर्षांची असताना ती नदीपलीकडच्या अंतराळ केंद्रात शटल यानांच्या कामावर लागली. सव्वीस वर्षं तिने शटलच्या गोधड्या शिवल्या. मग शटल बंद झालं आणि अर्ध्या गावासोबत ओपलही घरी बसली. घरी बसली म्हणजे काय, मोटेलांचे पडदे शिवले, होड्यांच्या गाद्या शिवल्या, चर्चमधल्या गाणाऱ्या मंडळींचे झगे शिवले. डॉटीच्या मुलीच्या लग्नाचा पोशाख तीनदा उसवून मोठा केला, तोही एकाच महिन्यात. त्याचं कारण कुणाला कळलं नाही असं डॉटीला अजून वाटतं.

अकरा वर्षांनी एका नव्या कंपनीने तिला बोलावलं. समोर बसलेल्या पोरसवदा साहेबाने विचारलं, "सध्या तुमच्याकडे काय काय कौशल्यं आहेत?" ओपलने त्याच्या पाठपिशवीचा सुटलेला पट्टा बघितला, पर्समधून सुईदोरा काढला आणि त्याचे उरलेले प्रश्न संपेपर्यंत पट्टा शिवून टाकला. नोकरी मिळाली. गाडीत येऊन ती इतकी रडली, की तिला घ्यायला आलेल्या नवऱ्याला, वेन्डेलला, वाटलं काम गेलं. तो म्हणाला, "जाऊ दे गं, पडदे कुठे पळून गेलेत?" मग खरं कळल्यावर तोही डोळे पुसायला लागला आणि डास चावल्याचं सांगू लागला. डोळ्यात डास!

या नव्या कामात एक गंमत होती. ही रॉकेटं परत येतात. वरचा भाग पुढे जातो, आणि खालचं धूड उलटं वळून, पाय पसरून, निघालं होतं तिथूनच काही मैलांवर उभं राहतं. डॉटीला हे काही केल्या पटत नव्हतं.

"एवढा खटाटोप कशाला? एक पडलं तर दुसरं बनवावं."

"असं बघ," ओपल म्हणाली, "तुझा नवरा होडी घेऊन कोळंबी धरायला गेला. कोळंबी किनाऱ्यावर दिली आणि होडी बुडवून टाकली. दर खेपेला नवी होडी. मग कोळंबी काय भावाने विकेल?"

"तो तसाही काही विकत नाही. सगळी स्वतःच खातो."

"डॉटी!"

"बरं बरं, कळलं. सोन्याच्या भावाने. म्हणजे आता होडी परत येते म्हणून मी चंद्रावर जाणार का?"

"आपल्याला काही जमायचं नाही. अजूनही एका तिकिटात ही सगळी गल्ली विकत येईल. पण कंपनीतली पोरं म्हणतात, एकच यान शंभरदा उडायला लागलं तर भाडं उतरेल. आपल्या नातवंडांना जमेल. नाहीच जमलं तर त्यांच्या पोरांना."

"माझा नातू अजून शाळेच्या बसमध्ये वेळेवर चढत नाही," डॉटी म्हणाली आणि विषय संपला.

ओपलला मात्र त्या परत येण्याचं फार अप्रूप. परतलेल्या यानाच्या गोधड्या काजळीने काळ्या होऊन तिच्याच टेबलावर येतात. ती त्या टाका टाका उसवते आणि आग कुठे किती घुसली ते बघते. कुठे दोरा ठिसूळ झाला, कुठे कड करपली, सगळं लिहून देते. पुढच्या खेपेला तिथे दुहेरी शिवण. स्वतःची शिवण आकाशात जाऊन आलेली अशी हातात घेऊन बघायला मिळते, याबद्दल ती रोज सकाळी गाडीतून उतरताना देवाचे आभार मानते. मोठ्याने. पहारेकऱ्याला आता सवय झाली आहे.

तर, त्या आठवड्यातली गोष्ट.

शुक्रवारी दुपारी बाराला उड्डाण होतं. एकाच यानाचं हे अठरावं. मंगळवारी शेवटची गोधडी शिवताना ओपलची दाभणासारखी जाड, वाकडी सुई मोडली. त्यांच्याकडे सुया मोजून मिळतात आणि मोजून परत द्याव्या लागतात. मोडली तर सगळे तुकडे एका पुठ्ठ्यावर चिकटवून, तारीख घालून, खाली सही करायची. ओपलने दोन तुकडे चिकटवले, सही केली. बुधवारी गोधडी यानावर बसली. गुरुवारी यान तळावर उभं राहिलं.

गुरुवारी सकाळी तिने नवी सुई घेतली, आणि सहज, अगदी सहज, ती पुठ्ठ्यावरच्या तुकड्यांशेजारी धरली. चिकटवताना दोन तुकड्यांमध्ये बारीकशी फट राहिली होती. फटीसकट लांबी बरोबर भरत होती. फट वजा केली, तर तांदळाच्या दाण्याएवढं टोक कमी पडत होतं.

ओपलने पुन्हा मोजलं. ते टोक गोधडीत राहिलं असेल तर? इंजिनं धडधडायला लागली की ते कापडातून सरकत सरकत एखाद्या नळीत घुसलं तर? आणि तिची सही खाली ठसठशीत. शटलची सव्वीस आणि इथली चार, तीस वर्षांत पहिली खोटी सही.

तिने बाहेर येऊन वेन्डेलला फोन लावला. वेन्डेल आयुष्यभर मासेमारी केलेला माणूस, जाळ्यातलं भोक दिसलं तर आधी मासे काढावेत, भोक मग बघावं, या मताचा.

"कुणाला दिसलंय का?" त्याने विचारलं.

"नाही."

"यान परत येणार ना? गोधडी तुझ्याच टेबलावर येणार ना? मग तेव्हा गुपचूप काढ आणि फेकून दे."

हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं, हीच तर लाजेची गोष्ट होती. दुसऱ्या कुठल्या धंद्यात चूक अशी आपल्याच हातात परत येते?

"आणि नाही परत आलं तर?" ती म्हणाली.

वेन्डेल म्हणाला, "ओपल, या वयात पुन्हा पडद्यांवर जायचं?"

"ते मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय. जाते सांगायला."

वेन्डेलने पुढे वाद घातला नाही.

सांगायचं होतं प्रिसिला ओकासिओला. ती शिवणखात्याची प्रमुख, पोर्तोरिकोची, वय जेमतेम तिशी. ओपलला सगळे मिस ओपल म्हणतात तसं तीही म्हणते. तिच्या टेबलामागच्या भिंतीवर मोठा आकडा लावलेला असतो: दोन उड्डाणांमध्ये गेलेले दिवस. या खेपेला एकवीस. आकडा जितका लहान तितकं यान स्वस्त, म्हणून सगळ्या इमारतीचा डोळा त्या आकड्यावर. ओपल त्याच्याखाली उभी राहिली आणि पुठ्ठा पुढे केला.

"टोक नाहीये, प्रिसिला. माझी सही आहे, आणि टोक नाहीये."

प्रिसिलाने पुठ्ठा उजेडात धरला. एकदा, दोनदा. मग फोन उचलला. ओपलला पलीकडचं काही ऐकू आलं नाही. प्रिसिलाचं तेवढं आलं. "हो, आत्ताच. नाही, कुणी पकडलं नाही, तिने स्वतः सांगितलं. हो, थांबवा."

यान आडवं करून परत आणलं. गोधडी उतरवली आणि तिची क्ष-किरणांनी तपासणी सुरू झाली. उड्डाण रविवारवर गेलं.

इकडे गल्लीत हाहाकार. डॉटीची नणंद मार्ज खास हे उड्डाण बघायला ओहायोहून आली होती. आली तीच कुरकुरत, की इथे किती दमट आहे. शुक्रवारी सकाळी ती आणि डॉटी कुंपणाशी उभ्या राहिल्या.

"तपासणीसाठी पुढे ढकललंय म्हणे," मार्ज म्हणाली. "कुणीतरी आळशी माणूस काहीतरी विसरला असणार. हल्लीच्या लोकांना कामाची चाडच नाही."

"तुला काही माहीत आहे का गं, ओपल?" डॉटीने डोळे बारीक करून विचारलं.

"मी आपली शिवणवाली," ओपल म्हणाली आणि गाडीत बसताना तिची पर्स दारात अडकली.

"बघितलंस?" डॉटी नणंदेला म्हणाली. "पर्स अडकली. काहीतरी आहे."

त्या सकाळी निकाल आला. गोधडीत टोक नव्हतं. यानातही नव्हतं. म्हणजे ते कुठेतरी होतं, आणि कुठे हे कळल्याशिवाय यान हलणार नव्हतं. मग शिवणखात्यातली बाकीची सातच्या सात माणसं गुडघ्यांवर आली आणि चुंबक घेऊन फरशी झाडू लागली. प्रिसिला टेबलाखाली, तो पाठपिशवीचा पट्टा सुटलेला साहेब कपाटामागे. ओपलला ते बघवेना. तीही खाली बसायला लागली तर प्रिसिला ओरडली, "मिस ओपल, तुमचे गुडघे! खुर्चीत बसा, पाय वर घ्या!"

ओपलने पाय वर घेतले. प्रिसिलाने जाता जाता चुंबक तिच्या बुटाखालून फिरवलं.

टक्.

डाव्या बुटाच्या रबरी तळव्यात, खाचेमध्ये, तांदळाच्या दाण्याएवढं टोक. तीन दिवस ते ओपलसोबत हिंडत होतं. मंगळवारी बाजारात गेलं, बुधवारी संध्याकाळी चर्चच्या प्रार्थनेला बसलं. यानाच्या जवळपासही फिरकलं नव्हतं.

कुणीतरी हसलं. मग सगळेच फरशीवर बसल्या बसल्या हसू लागले. ओपलला मात्र हसू येईना.

"म्हणजे मी उगाचच... दोन दिवस... सगळं यान..." तिने भिंतीकडे बघितलं. "तो आकडा किती झाला?"

"तेवीस होईल," प्रिसिला गुडघे झटकत म्हणाली.

"माझ्यामुळे."

"हो, तुमच्यामुळे." प्रिसिला तिच्यासमोर उकिडवी बसली. "मिस ओपल, तो आकडा मी लावलाय. लोक येतात, बघतात, टाळ्या वाजवतात. पण उद्या यात माणसं बसतील. ते तिकीट काढताना आकडा नाही बघणार. आपल्यापैकी कुणी काही लपवलं नाही ना, एवढंच मनात धरून बसतील. तुम्ही काल जे केलंत ना, ते नसेल तर हे सगळं कितीही स्वस्त करा, कुणी बसणार नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आता सोमवारपासून नव्या चार जणींना हातशिवण तुम्हीच शिकवायची. सुई मोडली तर तुकडे टोकाला टोक लावूनच चिकटवायचे, फट ठेवायची नाही, हा पहिला धडा."

"म्हणजे... सोमवारी मी यायचं?"

"नाहीतर काय मी शिकवू? मला बटणसुद्धा लावता येत नाही."

शनिवारी तीच गोधडी या खेपेला ओपलने स्वतःच्या हाताने बसवली आणि सही केली. सही करण्याआधी तिने बूट काढून तपासले, आणि हे बघून बाकीच्या सातही जणांनी न सांगता आपापले बूट काढले.

रविवारी दोनला यान उडालं. आठ मिनिटांत खालचं धूड परत आलं, आवाजाचे दोन दणके बसले, खिडक्या थरथरल्या, मार्जच्या हातातला गोड गार चहा तिच्याच मांडीवर सांडला आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा कुरकुर केली नाही. नुसती आ वासून बघत राहिली. "परत आलं गं," ती डॉटीला म्हणत होती. "गेलं, आणि परत आलं."

चारला सगळे मोब्लींच्या घरी जेवायला बसले. तळलेली कोळंबी, मक्याच्या कण्या, शिजवलेली पालेभाजी, लिंबाच्या सारणाची गोड पाई. जेवणाआधीची प्रार्थना घरात एरवी वेन्डेल म्हणतो, आणि त्याला भूक लागलेली असते, म्हणून ती चार शब्दांत उरकते. त्या दिवशी ओपलने त्याच्या हातावर हात ठेवला.

"आज मी."

सगळ्यांनी हात धरले, डोळे मिटले.

"देवा," ओपल म्हणाली, "ते यान सुखरूप आलं, तुझे आभार. प्रिसिलाचे आभार, तिने मला रागावून नाही, बसवून सांगितलं. त्या सात जणांचे आभार, जे माझ्यासाठी फरशीवर रांगले. वेन्डेलचे आभार..."

"माझे कशाबद्दल?" वेन्डेल डोळे मिटूनच पुटपुटला. "मी तर लपव म्हणालो."

"...की मग तो गप्प बसला. माझ्या हातांना अजून काम आहे याबद्दल आभार. आणि देवा, ते सुईचं टोक यानात नव्हतं, माझ्या बुटात होतं, याबद्दल तुझे फार, फार आभार. आणि ज्यांचा खोळंबा झाला त्यांनी मला माफ करावं. ओहायोहून आलेल्यांनी विशेष."

कोळंबी गार होत होती. डॉटीने एक डोळा उघडला. मार्जने दोन्ही.

"म्हणजे तो आळशी माणूस तू?" मार्ज म्हणाली.

"प्रार्थना चालू आहे, मार्ज," डॉटी म्हणाली, पण तिचाही आवाज चिरका झाला होता. "चार दिवस! माझ्या शेजारी राहून! आणि मला देवाकडून कळतंय!"

मार्जने ओपलचा हात सोडला नाही. उलट घट्ट धरला, आणि ओहायोच्या खणखणीत आवाजात, सगळ्यांच्या आधी, "आमेन" म्हणाली.

"आता ती कोळंबी इकडे सरकवा," वेन्डेल म्हणाला.