पाठीवरचा खडू

"आधी पाठ बगा," असं म्हणत मामा गिटार उलटी करूनच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. समोरची चकचकीत बाजू, मधलं गोल भोक, त्याभोवतीची नक्षी हे पाहायला आलेल्या माणसाच्या वाट्याला आधी साधी तपकिरी पाठ यायची. गिऱ्हाईक गोंधळून त्यांच्याकडे पाहायचं. ते शांतपणे कानामागचा खडू काढून तयार असायचे.

वाद्यांचं दुकान तुम्हीही पाहिलं असेल. दारात ढोलक्या, काचेच्या कपाटात बासऱ्या आणि टाळ, वरच्या दांडीला टांगलेल्या चार-पाच गिटारी. पण तडा गेलेल्या गिटारीचं दुकानदार काय करतो, हा विचार तुमच्या मनात आला नसेल. माझ्या यायचा, कारण माझं पोट त्यावर होतं. पुण्यातल्या एका घाऊक व्यापाऱ्याचा मी फिरता विक्रेता होतो आणि नव्वदीच्या दशकात शिरूर-दौंडकडची दुकानं माझ्याकडे होती.

गिटार म्हणजे पातळ लाकडाची पेटी. ती ट्रकमधून गचके खात यायची. खोक्यावर 'नाजूक माल' असं लिहिलं की हमाल हटकून त्यावरच बसून विडी ओढायचे. प्रत्येक खेपेला एखादी तरी जखमी निघायची. आमचा मालक ती परत घ्यायचा, तिला पॉलिश मारायचा आणि दुसऱ्या तालुक्याला धाडायचा. शिरूरची जखमी दौंडला नवी म्हणून जायची, दौंडची शिरूरला. ने-आण माझीच असायची आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माझ्या फेरीतला एक दुकानदार तर तड्यावर गुलाबाच्या फुलाचा स्टिकर चिकटवायचा. त्याच्या दुकानात जिच्या अंगावर जास्त फुलं, ती जास्त आजारी, हे मी लांबून ओळखायचो.

असा तयार झालेला मी दौंडला स्टेशनजवळच्या त्या दुकानात पहिल्यांदा गेलो. दुकानदार पन्नाशीचे, पांढरा पायजमा, बाह्या दुमडलेला सदरा. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. मी आणलेली गिटार त्यांनी उलटी केली आणि बोटाच्या पेराने पाठीवर ठोकत गेले. टक, टक, टक. एका जागी हात थांबला. कानामागचा खडू काढून त्यांनी तिथे एक वर्तुळ काढलं.

"ही पडल्याली हाय," ते म्हणाले.

मी म्हणालो, कोरा माल आहे, कालच खोकं फोडलंय. त्यांनी वाद घातला नाही. गिटार माझ्यापुढे केली आणि म्हणाले, "मग पुसा."

मला कळेना. तेव्हा त्यांनी दुकानाची रीत सांगितली. इथे प्रत्येक वाद्याच्या दोषाभोवती खडूचं वर्तुळ असतं. ज्याला वाद्य घ्यायचं त्याने तो दोष नीट पाहायचा, तोंडाने 'बघितलं' म्हणायचं आणि आपल्या हाताने खडू पुसायचा. दुकानदाराने पुसायचा नाही. मी ऐटीत रुमाल काढला, पण तो शब्द काही तोंडातून निघेना. 'बघितलं' म्हणायचं म्हणजे तडा आहे हे कबूल करायचं. घाम पुसायचं निमित्त करून शेवटी मी पुटपुटलो आणि खडू पुसला. ती गिटार त्यांनी मला परत नेऊ दिली नाही. परत नेलीत तर दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात माराल, म्हणाले. त्या दिवसापासून ते मला 'पुणेकर' म्हणू लागले. त्यांच्या तोंडी ती पदवी नव्हती, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मामा मूळचे खुटबावचे. घराणं मेंढपाळांचं. वडिलांच्या हयातीतच मेंढरं जाऊन शेती आली, आणि यांनी शेती भावाकडे देऊन दौंड गाठलं. रेल्वे कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती इंजिन ड्रायव्हरच्या घरी भिंतीला तीन गिटारी होत्या, त्यांच्याकडून हे दुरुस्ती शिकले. फक्त दुरुस्ती. मामांना एक गाणं म्हणून वाजवता येत नव्हतं आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. डॉक्टरला कुठं पेशंटसारखं जगावं लागतं, असं विचारायचे.

त्यांचं काम पाहायला मी मुद्दाम गाडी चुकवायचो. तड्यावर गुलाबाची फुलं चिकटवणाऱ्या दुकानदाराची गंमतही मी त्यांना अशाच एका दुपारी सांगितली होती. दोरीला बांधलेला छोटा बल्ब गिटारीच्या पोटात सोडायचा, मागोमाग दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा. तडा कुठून कुठपर्यंत गेलाय ते पाहायचं. मग सरस गरम करून बोटाने भरायचा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी गिटार आवळून दोन दिवस ठेवायची. एवढी मेहनत घेऊनही सांध्यावर रंग मात्र लावायचा नाही. रेघ दिसलीच पाहिजे. रांजणगावच्या कारखान्यातला एक बिहारी कामगार कंपनीच्या बसच्या टपावर बांधून आणलेली, तीन ठिकाणी उकललेली गिटार घेऊन आला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "मामा, ठीक होगा क्या?"

"होगा," मामा म्हणाले. "लेकिन दिखेगा."

एकदा मी विचारलं, हे खडूचं खूळ आलं कुठून? तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. आबा बाजाराला मेंढरं न्यायचे तेव्हा कळपातलं लंगडं मेंढरू सगळ्यांच्या पुढे उभं करायचे. बाकीचे हसायचे. "आबा म्हनायचा, लंगडं मागं लपीवलं का समदा कळप लंगडा दिसतो," मामा म्हणाले. "म्होरं उभं केलं म्हंजी एकच लंगडं." त्यांच्या दुकानातही सगळ्यात पुढे, दाराशी, खडूच्या वर्तुळांची गिटारच टांगलेली असायची. आणि बिनवर्तुळाची गिटार मामांनी दिली, तर ती घेणारा डोळे मिटून घेऊन जायचा. दौंडात 'मामांनी ठोकून दिलीय' एवढं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की, पुढे जे झालं ते माझ्यासमोर झालं.

मी दुकानात असताना एका गुरुवारी तिशीचा एक माणूस गिटार घेऊन आला. रांजणगावला मशीनवर होता, शिरूरला खोली करून राहायचा. मूळचा दौंडच्या रेल्वे कॉलनीतला, म्हणून शिरूर सोडून मुद्दाम मामांकडून त्याने ती बिनवर्तुळाची गिटार नेली होती. तो चिडलेला नव्हता. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात सगळ्या शिफ्टपुढे वाजवायला बसलो, एवढं त्याने सांगितलं. जाड तार छेडली की आत काहीतरी झर्र वाजायचं आणि माईकमधून तेच मोठं होऊन यायचं. लोक हसायला लागले. तो अर्ध्यातून उठला.

मामांनी गिटार उलटी केली. पेराने ठोकली. झर्र. मला दारात उभ्या उभ्या ऐकू आलं. त्यांनी पुन्हा ठोकलं, मग आणखी एकदा.

"बरूबर वाजतीया की," ते म्हणाले.

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. वेळ मारून नेणं हा माझा धंदाच होता. हवेतल्या दमटपणाने कधीकधी असं होतं, हे वाक्य माझ्या ओठांवर आलंही होतं. पण तोच आधी हळू आवाजात बोलला, "मामा, आतली लाकडाची पट्टी सुटलीय. तुम्हाला ऐकू येत न्हाई का?"

मामांनी गिटार उचलून छातीशी धरली, आपला जबडा तिच्या खांद्यावर दाबून टेकवला, डोळे मिटले आणि ठोकलं. त्यांचा चेहरा उतरला.

"सुटलीया," ते म्हणाले. "हाडाला कळलं. कानाला न्हाई कळलं."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वरीस झालं, पुणेकर. बारीक आवाज येत न्हाई मला. म्हनलं, गिऱ्हाइकाला कशाला सांगा. मी बी फूलच चिकटीवलं की."

मला फार वाईट वाटलं. आयुष्यात डझनांनी फुलं चिकटवून हिंडणारा मी, आणि एका फुलाने हा माणूस असा खचला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बासऱ्यांच्या कपाटाकडे वळून लपवलं.

मामांनी त्या माणसाला सांगितलं, वरच्या दांडीवरची हवी ती घेऊन जा. तो म्हणाला, नको, हीच नीट करून द्या, हिच्यावरच परत त्यांच्यासमोर वाजवीन. पट्टी बसवायला मामांनी आठवडा घेतला. पुढच्या गुरुवारी त्याने पाठीवरचं वर्तुळ पाहिलं, 'बघितलं' म्हणाला आणि पुसून गिटार घेऊन गेला. वर्षाने तो त्याच मंचावर बसला आणि शेवटपर्यंत वाजवून उठला, हे मला शिरूरला कळलं.

पुढच्या फेरीला मी दौंडला गेलो तर दुकानाच्या दाराशी, वर्तुळांच्या गिटारीशेजारी, एक शाळेची पाटी टांगलेली. तिच्यावर लिहिलं होतं, 'माझ्या कानाला कमी ऐकू येते. गिटार आपल्या हाताने ठोकून घ्यावी.' आणि त्या मजकुराभोवती खडूचं वर्तुळ.

मी भांडलो. पलीकडच्या चौकात नुकतंच दुसरं दुकान निघालंय, हे सांगितलं. ऐकू न येणाऱ्याकडून वाद्य कोण घेईल, असं विचारलं. मशीन लावा कानाला, पण ही पाटी काढा, म्हणालो. मशीन त्यांनी लावून पाहिलं होतं, त्यात एसटीचा हॉर्न ऐकू यायचा, पट्टी नाही. मी म्हणालो, बरं, मग मी पुसतो. त्यांनी माझा हात धरला.

"पुसायचं गिऱ्हाइकानं."

"कुणी पुसलं का मग?"

"मी कुठं इकाऊ हाय?" म्हणाले आणि हसले.

काही गिऱ्हाईक गेलंच. गेलं नाही असं लिहिलं असतं तर छान दिसलं असतं, पण नवीन दुकानात पंखा होता आणि मालक गोड बोलायचा. कॉलनीतले लोक मात्र राहिले. चर्चमध्ये गाणाऱ्या बायका नाताळाआधी यायच्या, गिटारी खाली काढून स्वतः टकटक करायच्या आणि मामांच्या कानाशी ओरडून निकाल सांगायच्या. त्यांच्यातल्या दोघींचे कान मामांच्या ऐन उमेदीतल्या कानाइतके तयार झाले. त्यांचा निकाल मामा जबडा टेकवून तपासायचे आणि बहुतेक वेळा मान डोलवायचे. वर्षं गेली. पाटीवरची अक्षरं पुसट झाली की मामा दसऱ्याला ती पुन्हा गिरवायचे, वर्तुळासकट.

मीही सुधारलो, पण साधू झालो नाही. फक्त जखमी गिटार हातात आली की मालकाला म्हणायचो, ही दौंडला जाणार, पॉलिश नको. मालक म्हणायचा, तिथे काय धर्मशाळा आहे का? मी म्हणायचो, दवाखाना आहे.

मामा गेले तेव्हा मी कोल्हापूरकडच्या फेरीवर होतो. कळलं तेव्हा दिवसपाणी होऊन गेलं होतं. दौंडला उतरलो तर दुकान अर्धं रिकामं. मामी एकट्याच ढोलक्या पोत्यात भरत होत्या. चौकातल्या दुकानदाराने सगळा माल घेतला होता, वर्तुळांची तेवढी नाकारली होती. ती दाराशी टांगलेली होती, आणि शेजारी पाटी.

मामी म्हणाल्या, जागा सोमवारी सोडायचीय, गिटार कुणाला तरी देता येईल, पण पाटीचं काय करू? "माज्या हातानं पुसवंना," त्या म्हणाल्या. "आन् तसंच फेकवंना."

मी म्हणालो, गिटार मी घेतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाजवता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी गिटार खाली काढली, पदराने धूळ झटकली आणि उलटी करून माझ्या हातात दिली. पाठीवर तीन वर्तुळं होती. मी एकेक रेघ पाहिली, तीनदा 'बघितलं' म्हणालो, तिन्ही पुसली.

मग पाटीपुढे उभा राहिलो. गिरवून गिरवून ठळक झालेली ती अक्षरं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचली. मामींनी पाटी खिळ्यावरून काढून दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली.

"बघितलं, मामा," मी म्हणालो, आणि पुसली.