कारणाचा रकाना

आमच्या घरी संगणक आला तो अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीत, आणि तीनच वर्षांत तो म्हातारा झाला. मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका शाळेत दहावीला भूमिती शिकवत होतो. सहामाही, सराव, पूर्वपरीक्षा अशा सगळ्या प्रश्नपत्रिका मी घरीच तयार करायचो. वर्तुळ काढायला घेतलं की पडद्यावर वाळूचं घड्याळ यायचं आणि मी चहा पिऊन परत आलो तरी ते तिथेच असायचं. वर्गात कुणी उत्तराला इतका वेळ लावला असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

दुकानदार माझा जुना विद्यार्थी. गावातले निम्मे दुकानदार माझे जुने विद्यार्थीच आहेत. त्यातले बरेच गणितात नापास झालेले, पण दुकानं उत्तम चालवतात. तो म्हणाला, "सर, मेमरी वाढवा. आत्ता बत्तीस आहे, चौसष्टची आणखी एक पट्टी टाकू. धावायला लागेल." आणि दुसऱ्या दिवशी त्याने माणूस पाठवला.

माणूस म्हणजे एक बाई होती. तिशीची असेल. लांज्याहून रोज एसटीने यायची, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत स्क्रू ड्रायव्हर. तिने संगणकाचं झाकण काढलं आणि मी मागे उभा राहिलो. बायको म्हणाली, "अहो, जरा बाजूला व्हा, तिला उजेड येऊ दे." मी हललो नाही. खरं सांगायचं तर मी पाहत नव्हतो, तपासत होतो. बाईमाणसाला हे जमेल यावर माझा विश्वास नव्हता, आणि तो चेहऱ्यावर दिसत असणार.

तिला जमलं. दहा मिनिटांत पट्टी बसली. संगणक सुरू करताना काळ्या पडद्यावर मेमरीचा आकडा भराभर चढत जायचा, तो या वेळी थेट ९८३०४ वर थांबला. मी मनातल्या मनात १०२४ ने भागलं. शहाण्णव. बत्तीस अधिक चौसष्ट. आकडा बरोबर आला की मला माणसंही बरी वाटायला लागतात. मी तिला चहा घ्यायला लावला.

चहा पिताना ती बायकोशी बोलली ते माझ्या कानावर पडत होतं. आधी ती लांज्याला काजूच्या कारखान्यात सोलायला जायची. संध्याकाळी हार्डवेअरचा कोर्स केला. या दुकानात तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं, काम पटलं तर कायम. जाताना मला म्हणाली, "सर, इथली हवा खारी. पट्टीच्या सोनेरी दातांना गंज धरला की मशीन रुसतं. तेवढी ओल लागू देऊ नका."

समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. इथे लोखंड म्हणून घरात आणलेली वस्तू टिकवायची तर एकच उपाय आम्हाला ठाऊक, तो म्हणजे खोबरेल. कुलपाला खोबरेल, बिजागरीला खोबरेल, अडकित्त्याला, विळीला, सायकलच्या साखळीला. माझ्या वडिलांनी हेच केलं, मीही तेच करत आलो. तेव्हा चार दिवसांनी मी संगणकाचं झाकण उघडलं, तिला बसवताना पाहिलं होतं त्याच्या उलट करत ती नवी पट्टी काढली, करंगळीवर तेल घेऊन सोनेरी दातांवर हलक्या हाताने फिरवलं आणि पट्टी परत बसवली. संगणक लगेच सुरू झाला. मी स्वतःवर फार खूश होतो. बायकोला मात्र सांगितलं नाही.

महिनाभर सगळं ठीक होतं. मग थंडी पडली. रत्नागिरीची थंडी ती काय असणार, सकाळी शाल घ्यावी आणि नऊला काढून ठेवावी इतकीच. पण त्या सकाळी बटण दाबलं तर पडदा काळा आणि आतून एक लांब पीप, थोडं थांबून पुन्हा लांब पीप. मधे एकदा सुरू झाला तेव्हा आकडा ३२७६८ वर अडला. म्हणजे जुनी पट्टी दिसते आणि नवी दिसत नाही. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका अर्ध्यावर होती. माझं डोकं फिरलं.

मी दुकानात फोन केला. ती दुपारी आली. बटण दाबलं आणि संगणक निमूटपणे सुरू झाला, आकडा ९८३०४. तासभर बसून तिने चालू-बंद करून पाहिला. चालतं मशीन उगाच उघडणाऱ्यांतली ती नव्हती. तिने विचारलं, "सर, मधे कुणी उघडलं होतं काय?"

"नाही," मी म्हणालो.

तेल लावणं म्हणजे काही उघडणं नव्हे, म्हणून तसं बोलून गेलो, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. तेलाची बाटली त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आली होती.

दुसऱ्या सकाळी पुन्हा पीप. मी संगणक रिक्षात घातला आणि दुकानात नेऊन आपटलाच म्हणा. गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत मी माझ्या जुन्या विद्यार्थ्याला म्हणालो, की पट्टी खोटी आहे आणि असल्या कामाला तू कुणालाही पाठवतोस. "कुणालाही" म्हणताना मी तिच्याकडे पाहिलं. ती कोपऱ्यात एक प्रिंटर उघडून बसली होती. तिने मान वर केली नाही. दोन दिवस तो संगणक दुकानाच्या टेबलावर होता. बंद खोलीत, चार चालू मशिनांच्या शेजारी, त्या उबेत तो एकदाही अडला नाही. परत घरी आला, आणि सकाळी पीप.

आता मला चेव चढला. मी वही घेतली आणि नोंदी करायला लागलो. सकाळी सात, बंद. आठ, बंद. दहा, आकडा ३२७६८. बारा, चालू. दुपारी तीन, चालू. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ही वही मी दुकानदाराच्या तोंडावर फेकणार होतो.

ती वही कामाला आली, पण माझ्या नव्हे, तिच्या. फोनवर मी तिला नोंदी वाचून दाखवल्या तेव्हा तिने वेळा पुन्हा एकदा विचारून घेतल्या, मग म्हणाली, "सर, मी उद्या पहिल्या गाडीने येते. मी येईपर्यंत बटण दाबू नका."

साडेसातला ती दारात होती, डोक्याला स्कार्फ, नाक लाल. बटण दाबलं, पीप झाली, आणि तिला बरं वाटलेलं दिसलं. झाकण काढण्याआधी माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, चहा नको आत्ता. ही तिसरी फेरी हाय. शेठ काल बोलले, ह्यात आपली चूक निघाली तर उद्यापासून येऊ नको." हे ती मला ऐकू जावं म्हणून बोलली नव्हती, पण मी ऐकलं.

तिने नवी पट्टी काढली आणि खिडकीशी नेली. दातांवर पांढुरका थर होता. तिने बोटाचं टोक त्यावर ठेवलं, तर थर बोटाच्या उबेने विरघळला. बोट नाकाशी नेलं. बाहेर अंगणात बायको रोजच्यासारखी डोक्याला लावायच्या तेलाची बाटली उन्हात ठेवत होती. थंडीत ते तेल गोठतं. ती बाई त्या बाटलीकडे पाहत राहिली, मग माझ्या वहीकडे.

"सर, हे खोबरेल आहे," ती म्हणाली. "सकाळी थिजतं, दुपारी पातळ होतं. म्हणून सकाळी बंद, दुपारी चालू."

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत निघून गेली. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिला माझ्याकडे दोनदा पाहावं लागत नाही.

बाईने माझ्याच टेबलावरचं खोडरबर घेऊन दात घासले, पट्टी बसते त्या खाचेत स्पिरिट लावलेली कागदाची घडी फिरवली, पट्टी परत बसवली. थंडीच्या त्या सकाळी आकडा सरळ ९८३०४ वर गेला. मला तिने एकही प्रश्न विचारला नाही. पिशवीतून दुकानाचा कागद काढला आणि पेनासकट माझ्यापुढे ठेवला. कामाचा तपशील तिने भरला होता. खाली रकाना होता, "बिघाडाचे कारण (ग्राहकाने लिहावे)", आणि त्याखाली सहीची जागा.

मी भूमितीचा मास्तर. डावीकडे विधान, उजवीकडे कारण. ज्याने कारण लिहिलं नाही त्याचा अर्धा गुण मी इतकी वर्षं कापत आलो. विधान बरोबर आहे ना सर, म्हणून पोरं गयावया करायची, मी दाद दिली नाही.

पेन हातात धरून मला दुकान दिसत होतं, माझे विद्यार्थी दिसत होते, शिक्षकांची खोली दिसत होती. सरांनी कंप्यूटरला तेल लावलं. गावात हे दोन दिवसांत सगळीकडे झालं असतं. मी लिहिलं, "दमट हवा". सही केली. हवेवर ढकललं म्हणजे कुणाचंच नाव येत नाही, असा माझा हिशेब होता. तिने कागद वाचला, घडी घातली, "बरं" म्हणाली आणि गेली.

महिन्याभराने मी प्रिंटरची रिबन घ्यायला दुकानात गेलो. कोपऱ्यात दुसराच माणूस बसला होता.

"तिला थांबवलं, सर," दुकानदार म्हणाला. "तुमच्या एका कामात तीन फेऱ्या. दमट हवेने दात खराब झाले हे पहिल्या तक्रारीलाच उघडून पुसायला नको? तुम्हाला केवढा मनस्ताप झाला."

"ती काही म्हणाली नाही?"

"म्हणाली ना. काय तर म्हणे तेल लावलंय. मी म्हटलं, सर असं करतील काय? सरांची सही आहे ह्यावर."

तेव्हा मी त्याला सांगितलं. सगळं, करंगळीसकट. तो आधी माझ्या तोंडाकडे पाहत राहिला आणि मग असा हसला की त्याला खुर्चीत बसावं लागलं. डोळे पुसत तो म्हणाला, "सर, तुम्ही म्हणजे ना." रिबन त्याने स्वतः कागदात गुंडाळून दिली. मी म्हणालो, "मग तिला परत बोलाव." त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "आता ह्याला घेतलाय, सर. ह्याला काय सांगू?"

मी ज्या हसण्याला घाबरलो होतो ते एवढंच होतं. चार दिवस गाव हसलं. शाळेत एका सहकाऱ्याने माझ्या टेबलावर तेलाची बाटली आणून ठेवली. मग विषय संपला. एवढ्यासाठी मी एका बाईची नोकरी घालवली.

पुढच्या रविवारी मी लांज्याला गेलो. स्टँडवर चौकशी केल्यावर घर सापडलं. ती परत काजूच्या कामाला लागली होती, बोटांची टोकं काजूच्या चिकाने काळवंडलेली. तिने मला पडवीत खुर्ची दिली, तिच्या आईने पाणी आणलं. मी घरून चिठ्ठी लिहून नेली होती. बिघाड कशाने झाला, तो कुणी केला, तो कुणी आणि कसा शोधून काढला, विचारल्यावर मी काय खोटं सांगितलं आणि कागदावर काय खोटं लिहिलं, सगळं होतं त्यात. खाली सही. तिला दुसऱ्या कुठल्या दुकानात दाखवता येईल म्हणून दोन प्रती काढल्या होत्या.

मी म्हणालो, "माझी चूक झाली. मला लाज वाटते."

तिने चिठ्ठी सावकाश वाचली, शेवटपर्यंत. दोन्ही प्रती जुळवून घडी घातली आणि आईकडे ठेवायला दिल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसला असता.

"सर," ती म्हणाली, "त्या दिवशी हे एका ओळीचं काम होतं."

मी होय म्हणालो. त्या चिठ्ठीचा तिला उपयोग झाला की नाही ते मला कळलं नाही, आणि परत जाऊन विचारण्याचं धाडस मला झालं नाही.

तो संगणक पुढे सहा वर्षं चालला. थंडीच्या सकाळीसुद्धा बटण दाबलं की पहिल्या झटक्यात सुरू व्हायचा, आकडा नेमका जिथे थांबायला हवा तिथे थांबायचा. मला त्याचा आनंद एकदाही झाला नाही.