गुडघ्याखालची फट

नाना गेल्याचा निरोप घेऊन माणूस यावलला माझ्या सासरी आला, तेव्हा मी दळायला बसले होते. "अक्का, नाना सुटनात," तो म्हणाला. सुटले म्हणे! रडू येण्याआधी मला रागच आला. ज्यानं सुटण्यासाठी इतकी वर्षं धडपड केली, त्याच्यासाठी हाच एक दरवाजा उघडावा?

नाना माझा थोरला भाऊ, धुळ्याला शाळेत विज्ञान शिकवायचा. शाळेच्याच जिन्यावरून पडला, गुडघा फुटला आणि वाकलेलाच आखडला. मेहरूणला घरी आणून त्याला कापसाच्या गादीवर निजवलं. तलाव हाकेच्या अंतरावर, पण खिडकीतून दिसायची ती शेजारची भिंत. डॉक्टर म्हणाले होते, गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकली की काठी घेऊन चालता येईल. शाळेनं त्याची जागा उन्हाळ्यापर्यंत राखली होती.

रोज सकाळी मी गुडघ्याखालच्या फटीत पट्टी उभी धरायची.

"राहिलं किती?"

"साडेपाच सेंटीमीटर."

"आणि मिळवलं?"

"अर्धा."

"अर्धा काय म्हणतेस, कंजूस! पाच मिलिमीटर म्हण. एकाचे दहा होतात, ते काय सोडून द्यायचे?"

तेव्हापासून घरात कायदाच झाला. राहिलेलं सेंटीमीटरात, मिळालेलं मिलिमीटरात. थंडी सरेपर्यंत मिळकत वीसवर गेली. नानानं चपला चांभाराकडून शिवून आणवल्या, खाटेखाली जोडीनं ठेवायला लावल्या. मीही गावभर सांगत सुटले, आमचा नाना चालणार म्हणून.

होळीच्या आधी मायनं हौसेनं पिंजारी बोलावला. गादी पिंजून, नव्यानं भरून झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी लावली तर सहा सेंटीमीटर... जिथून निघालो होतो तिथंच. नानानं पट्टी स्वतः धरून पाहिली. मग वर्गात शिकवावं तसं शांतपणे मला म्हणाला, "अनू, गुडघा हललाच नव्हता. कमरेखालचा नि टाचेखालचा कापूस दबला, म्हणून पाय खाली गेला. गुडघ्याखालचा कापूस होता तसाच राहिला."

दारात माय अपराध्यासारखी उभी होती. "मनं चुकनं का रे?"

"नही माय, पट्टी सरकनी."

तिला ते पटलं नाही. शाळेत दुसरा मास्तर आला. चपला खाटेखालीच राहिल्या.

मला वाटलं, आता तो पट्टीचं नाव काढणार नाही. पण दुसऱ्याच सकाळी त्यानं मायला पट्टी धरायला बोलावलं. तिला आकडे वाचता येत नसत, तो वाचायचा. कापूस पुन्हा बसू लागला होता. "माय, एक मिलिमीटर!" माय खुलायची. लग्नानंतर मी माहेरी यायची तेव्हाही हेच चाललेलं. एकदा मी चिडून विचारलं, कशाला फसवतोस तिला? भिंतीकडे बघत म्हणाला, "तिला वाटतं तिनंच माझा पाय घालवला. रोज थोडा परत देतोय."

तेरावा झाल्यावर गल्लीत पिंजाऱ्याची तार वाजली. "गादी शे का पिंजाले?" मायनं दार लावून घेतलं. गादीत नानाच्या पाठीचा खळगा तसाच होता. उशाची पट्टी तिनं माझ्या हातात दिली. खळग्यावर काठी आडवी ठेवून मी खोली मापली.

"चार सेंटीमीटर, माय."

"त्या बारीक मापमा सांग ना... जास्ती भरस."

"चाळीस," मी म्हणाले.