कुणाला 'हां' म्हणालो मी?

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त टिंगल केली आहे. वडवणीत माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वायर नेमकी कुठे तुटली ते सापडल्याशिवाय मला जेवण जात नाही. म्हणून हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय… पण लिहितो.

मागचा पावसाळा नुकताच सरला होता. दर रविवारी सकाळी मी आणि माझा मेव्हणा संदीप माउंटन बाईक घेऊन वडवणीजवळच्या डोंगरात जातो. तिथे रस्ता म्हणजे मेंढरांनी पाडलेली पाऊलवाट — एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला घळ. संदीप अठ्ठावीसचा, मी बेचाळीसचा, आणि माझं पोट त्याहून पोक्त.

उतारावर आमचा एक नियम आहे. पुढच्याने ओरडून सांगायचं — खडी, मूळ, काटे, जे असेल ते — आणि मागच्याने 'हां' म्हणायचं. मागचा थांबला तर त्याने 'थांबलो' अशी हाळी द्यायची.

त्या दिवशी उतार सुरू झाला आणि माझी चेन उतरली. चढावर तीनदा दम खायला थांबलो होतो, तेव्हा 'दाजी, चहा मागवू का' म्हणून संदीपने चिडवलंच होतं. आता पुन्हा 'थांबलो' ओरडायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम… पण चेन अशी अडकली होती की चांगली दहा मिनिटं गेली.

मग निघालो. पहिल्या वळणाआडून संदीपचा आवाज आला, "दाजी, खडी." बिचारा थांबला वाटतं माझ्यासाठी! 'हां' म्हणालो. खडी होतीच. पुढे "मूळ" — हां. मग "काटे" — हां. आवाज दरवेळी पुढच्या वळणाआडून यायचा, संदीप काही दिसायचा नाही. सगळं सांगितल्याप्रमाणे जागच्या जागी होतं.

चौथ्यांदा आवाज आला, "दाजी, उतरा."

उतरायला आम्ही एकमेकांना कधीच सांगत नाही, आणि मला तर ते मुळीच खपत नाही. चिडून 'हां' म्हणालो आणि उतरलो. सायकल ढकलत वळण ओलांडलं — तर पुढे वाटच नव्हती. कड खचून गेली होती.

खाली, दहा-बारा फूट खोल घळीत, संदीप निपचित पडलेला. शेजारी मेंढरं राखणाऱ्या एक मावशी, त्याचं डोकं घोंगडीवर टेकवून बसलेल्या. कसा खाली उतरलो आठवत नाही.

"कवाचं पडलंय हे पोरगं," मावशी म्हणाल्या. "मी समोरूनच बघितलं. तवापासून त्वांडातून शबूद न्हाई."

मी म्हणालो, आत्ता तर तो मला हाका मारत होता.

"हाका कुटल्या? निस्ता तुमचाच आवाज येत व्हता वरून. तुमी हां हां कुनाला म्हनत व्हता?"

मावशींनी वस्तीवरची माणसं बोलावली. घोंगडीची झोळी करून त्यांनी संदीपला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथून बीडला नेलं. तो वाचला. पुढे दोघांच्या मोबाईलमधल्या राईडच्या नोंदी मी शेजारी ठेवून पाहिल्या. तो पडला तेव्हा मी वर चेनशी झटत होतो. याचा अर्थ चारही हाळ्या तो बेशुद्ध पडल्यानंतरच्या.

तिसऱ्या दिवशी तो नीट बोलू लागला. तुला कड दिसली कशी नाही, असं मी विचारलं. त्याने खालच्या आवाजात सांगितलं, "मी आवाज दिला, दाजी. तुमचा हां आला न्हाई… म्हनून मागं वळून बघितलं."

मी बाहेर व्हरांड्यात येऊन रडलो.

तो आवाज कुणाचा, मला आजही सांगता येत नाही. मला एवढंच माहीत आहे — माझा एक 'हां' न आल्यामुळे संदीप पडला, आणि त्यानंतर मी चार वेळा 'हां' म्हणालो.